हेमराजशेठची पाच मिनिटं

देव परीक्षा घेतो ती माणसाच्या नेमक्या आवडीच्या जागी घेतो. कमलताई देवरे यांना जन्मात सोन्याचा मोह पडला नाही, साडीचा नाही, सिनेमाचा तर नाहीच. पण पहाटे साडेपाचला तुळशीला पाणी घालून झालं, की आलं आणि फुदिना घातलेला कपभर चहा त्यांना लागे. त्या कपात त्यांचा जीव होता, आणि ही गोष्ट त्यांच्याइतकीच देवालाही ठाऊक होती. म्हणून प्लेगच्या पुढच्या वर्षी, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी त्यांनी चहा सोडला, तेव्हा सुरतेत, डिंडोलीच्या त्या चाळीस घरांच्या सोसायटीत ही बातमी दूधवाल्याच्या आधी पोचली.

यजमान विठ्ठलराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना प्रत्येक गोष्ट योग्य पत्त्यावर गेलेली आवडे.

"लोक कारलं सोडतात, वांगं सोडतात," ते म्हणाले. "मुळात न आवडणारी वस्तू सोडली की देवही खूश, आपणही. चहा कोणी सोडतं का?"

"नेम केला आहे," कमलताई म्हणाल्या. त्यांचं बोलणं इतकं हळू, की भांडायला आलेल्या माणसाला ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागे, आणि वाकून भांडता येत नाही.

"कुठवर?"

"हेमराज चार माणसांत पाच मिनिटं एकही शिवी न देता बोलेपर्यंत."

विठ्ठलरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे जन्मभर," ते म्हणाले, आणि आपला कप घेऊन गॅलरीत गेले.

हेमराजशेठ म्हणजे भेस्तानच्या तीन लूमखात्यांचे, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यांचे, मालक. मूळचे अमळनेरकडचे. त्याच वर्षी मालकांच्या एका मंडळाचे उपाध्यक्षही झालेले. लूमच्या खात्यात आवाज असा, की आत माणसं तोंडाने बोलतच नाहीत. हातांनी बोलतात. मूठ फिरवली की धागा तुटला, दोन बोटं ओठाला लावली की बिडीला जातो, तळहात डोक्यावर ठेवला की शेठ आला. शेठ स्वतः मात्र हातांनी बोलत नसत. चौदाव्या वर्षी धोटा हातात घेतला तेव्हाच त्यांची खात्री पटली होती, की मालकाचा आवाज मशीनच्या वर गेला पाहिजे. तो गेला, आणि मग खाली आलाच नाही. घरी जेवताना त्यांनी मीठ मागितलं, की शेजारच्या बंगल्यातून मीठ येई. आणि साध्या वाक्यातही तीन शिव्या असत. दोन सवयीच्या, एक खास त्या माणसासाठी घडवलेली.

अशीच एक खास शिवी आषाढात खात्यातल्या सखारामला मिळाली. कापडाच्या एका ताक्यावर तेलाचा डाग पडला होता. चाळीस कामगारांसमोर शेठनी सखारामच्या आईचा उद्धार केला. सखारामची आई चैत्रातच गेली होती. तो घरी आला, जेवला नाही, आणि बायकोला एवढंच म्हणाला, "दिवाळीले गावले जाऊत. परत येनार नही." पारोळ्याला त्याच्या भावाची पिठाची चक्की होती. तिथे आवाज कमी आणि पीठ जास्त.

त्याची बायको पुष्पाबाई म्हणजे कमलताईंची भिंतीपलीकडची शेजारीण. ही नुसती शेजारीण असती तर कमलताईंनी दोन लाडू देऊन, डोळे पुसून निरोप दिला असता. पण कमलताई वर्षभर रोज एक कहाणी वाचत. सोमवारची, शुक्रवारची, जी असेल ती. आणि कहाणीचा नियम असा, की ती भिंतीला सांगून चालत नाही. हातात अक्षता घेऊन ऐकणारं एक तरी माणूस लागतं. वीस वर्षं ते माणूस पुष्पाबाई होती. कहाणीतल्या राजाने नावडतीला टाकलं, की दर वेळी नव्याने "मेला" म्हणणारी. विठ्ठलरावांना एकदा बसवून पाहिलं होतं. ते दुसऱ्या परिच्छेदाला घोरू लागले, आणि अक्षता सांडल्या.

तेव्हा पुष्पाबाई जायला नको होती. तिचा नवरा जायला नको होता. आणि ते दोन्ही हेमराजच्या जिभेवर होतं. हा हिशेब कमलताईंनी देवापुढे बसून एका वातीत मांडला, आणि चहा सोडला.

पुष्पाबाईला नेम सांगितला तेव्हा ती म्हणाली, "ताई, मंग सरळ म्हना ना, चहा जलमभर सोडा. उगा शेठले कशाले मधमा आनतंस?"

कमलताईंनी रिक्षा केली आणि भेस्तान गाठलं. हेमराजशेठ खुर्चीतून ताडकन उठले आणि पाया पडले, कारण सदुसष्ट साली ते महापालिकेच्या मराठी शाळेत कमलताईंच्याच चौथीत होते. त्या शाळेच्या भिंतीला लागूनच लूमचं खातं होतं. इतर मास्तर ओरडून ओरडून घसा बसवत. कमलताई आवाज खाली आणत. मग सत्तर पोरं मान पुढे काढून ऐकत.

"बसा बाई. ए, बाईंना चहा सांग रे," आणि पुढे चहावाल्याच्या वडिलांविषयी दोन शब्द.

"चहा सोडला आहे."

"का?"

"तुझ्यामुळे."

शेठचा चेहरा पडला. मग त्यांनी भिंतीवरच्या चौकटीतल्या प्रमाणपत्राकडे बोट केलं. "बाई, मी काय प्रयत्न करत नाही का? डुमस रोडला मोठ्या हॉटेलात दोन दिवस शिबिर केलं. कोटातला माणूस आला होता मुंबईहून. उद्योजकांनी कसं बोलावं. समोरच्याच्या डोळ्यांत बघा, हसा, त्याचं नाव घ्या."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी ओडिशाच्या एका कामगाराच्या डोळ्यांत बघून हसलो. तो त्याच संध्याकाळच्या गाडीने गेला. मुकादमाला म्हणाला, शेठचं काही खरं नाही."

"तुला बोलता येतं, हेमराज. ऐकता येत नाही. उद्यापासून सकाळी सातला यायचं."

"बाई, मी शेठ आहे आता."

"चौथीत तू मॉनिटर होतास. तेव्हाही हेच म्हणायचास."

शेठनी केबिनचं दार लावून घेतलं. मग, त्यांच्या मानाने पुष्कळच हळू, म्हणजे फक्त शेजारच्या केबिनला ऐकू जाईल असं म्हणाले, "गेल्या वर्षी रोगाच्या भीतीने सगळे गावाला पळाले. दिवाळीनंतर लाभपाचमेला, काम सुरू करायच्या मुहूर्ताला, खात्याची पूजा केली, तेव्हा मी, सुकदेव मुकादम आणि भटजी. तिघंच. भटजींनाही लगेच जायचं होतं. या वर्षी दिवाळीला जातील ते परत नाही आले, तर मशीन भंगारात. येतो सातला."

इथवर सगळं सरळ झालं. माणूस कबूल झाला, की अर्धं काम झालं असं कमलताईंना वाटलं. पण आपल्याकडे माणूस कबूल होणं हा सगळ्यात सोपा भाग असतो. त्यानंतर जागा लागते.

सोसायटीच्या हॉलची किल्ली सेक्रेटरी हिलालभाऊंकडे. हिलालभाऊ किल्ली कमरेला लावत, आणि जेवतानाही काढत नसत.

"वर्ग कसला, ताई?"

"बोलण्याचा."

"म्हणजे आवाज होणार. आवाजाला ठराव लागतो."

"हळू बोलण्याचा आहे."

"मग त्याला हॉल कशाला लागतो?"

शेवटी सरकारी नोंदीचा कागद आणा, मग बघू, यावर तडजोड झाली. कागद आणायला कमलताई आणि विठ्ठलराव एका कचेरीत गेले. तिथला कारकून सज्जन होता. त्याने स्वतः फॉर्म भरायला घेतला.

"विषय शुं, बेन?"

"बोलायला शिकवणे."

"कई भाषा?"

"कुठलीही. त्याला एकही नीट येत नाही."

"विद्यार्थी केटला?"

"एक."

"उमर?"

"अडतीस."

कारकुनाने लेखणी थांबवली. अडतीस वर्षांच्या माणसाला बोलायला शिकवणारी ही पांढऱ्या केसांची बाई पाहून त्याला भरून आलं असावं. त्याने फी घेतली नाही, शिक्का मारला, कागद घडी करून दिला, आणि वर हात जोडले. टपाल खात्यात आयुष्य गेलेल्या विठ्ठलरावांनी घरी येऊन तो उघडला.

"अगं, ही मूकबधिरांची शाळा आहे."

"कुठली?"

"तुझी."

कमलताईंचा खोटं न बोलण्याचा नेम होता, आणि तो चातुर्मासापुरता नव्हता. त्यांनी विठ्ठलरावांना दुरुस्तीसाठी तीनदा पाठवलं. पहिल्यांदा कळलं, की दुरुस्ती होत नाही, आधीची शाळा बंद करावी लागते. दुसऱ्यांदा कळलं, की बंद करायची तर आधी तपासणी व्हावी लागते. तिसऱ्यांदा कळलं, की तपासणी मागता येत नाही, ती येते. इकडे हिलालभाऊंनी गोल शिक्का पाहिला आणि किल्ली दिली. शाळेचं नाव वाचून ते हॉलच्या दारावर "शांतता राखा" अशी पाटी लावून गेले.

वर्ग सुरू झाला. कमलताईंची पद्धत साधी. शेठच्या हातात कुंकवाने माखलेले चार तांदूळ द्यायचे, आणि कहाणी सांगायची. अक्षता हातात असेपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, फक्त हुंकार द्यायचा. पहिल्या दिवशी शेठच्या पट्ट्याला लावलेला पेजर चार वेळा वाजला, आणि चारही वेळा ते अर्धे उठून परत बसले, कारण तांदूळ हातात होते. खानदेशातल्या माणसाला शेठ होता येतं, उपाध्यक्ष होता येतं, पण कहाणी अर्धी टाकून उठता येत नाही. आई आठवते.

सोसायटीला आता करमणूक नव्हे, कर्तव्य सापडलं होतं. जो तो सल्ला देई. एकाने सांगितलं खडीसाखर चघळा, एकाने नदीकाठी जाऊन ओरडा, म्हणजे साठा संपेल. पुष्पाबाईने वेखंड आणलं. लहान मुलाला वाचा फुटावी म्हणून सहाणेवर उगाळून जिभेला लावतात, ते.

"लेकरूले लावतंस, मंग शेठलेबी लावा. त्यान्ही वाचा जरा जास्तच फुटेल शे, पन उलटं चाटन दिधं त कमी व्हई."

हे शास्त्र कमलताईंना पटलं नाही. पण पुष्पाबाईच्या नवऱ्याच्या पोटापाण्याचा प्रश्न होता, तेव्हा तिचा हक्क होता. तिने बोटभर नव्हे, चमचाभर लेप लावला. शेठची जीभ लाकूड झाली. आणि नेमके त्याच सकाळी, साडेसातला, तपासणीचे साहेब आले.

साहेब वयस्कर, सौम्य. त्यांनी पाहिलं ते असं: एक धिप्पाड गृहस्थ पांढऱ्या सफारीत मांडी घालून बसला आहे, मुठीत तांदूळ, डोळ्यांत पाणी. तो काहीतरी सांगू पाहतो आहे आणि तोंडातून नुसतं "आंऽ आंऽ" येतं आहे. मग तो हातांनी बोलू लागला. घशाकडे बोट: पाणी. मुठीचा झटका: मशीन बंद करा. दोन्ही तळवे वर: मुकादम कुठे मेला.

"वाह," साहेब हळूच म्हणाले. "हाथनी भाषा तो बहु सरस शीखवाडी छे. जन्मथी छे, बेन?"

"नाही साहेब," कमलताईंनी खरं ते सांगितलं. "चौथीपर्यंत चांगला होता. मग लूमवर गेला."

साहेबांनी मान हलवली. त्या आवाजाने काय होतं ते त्यांना ठाऊक होतं.

"साहेब, पण याला बोलता येतं. फार येतं."

"आवशे, बेन, आवशे," येईल असा धीर देत साहेब म्हणाले. "श्रद्धा राखो." आणि त्यांनी शेरा लिहिला. बंद करण्याजोगी शाळा नाही, वाढवण्याजोगी आहे.

कमलताई दिवसभर देवघरातून उठल्या नाहीत. चहा नव्हता म्हणून डोकं दुखत होतं, आणि सत्य बोलूनही खोटं घडतं ही गोष्ट त्यांना नवीन होती. विठ्ठलराव म्हणाले, "सोडून दे आता." त्या म्हणाल्या, "घेतलेला वसा आहे." आणि संध्याकाळी हेमराजला निरोप गेला: उद्या सात.

भाद्रपद संपता संपता फरक दिसू लागला. वाक्यागणिक तीनच्या दोन शिव्या झाल्या, दोनची एक. ती एक जाईना. मग कमलताईंनी दोन नवे नियम घातले. शिवी ओठाशी आली की तोंडावर हात ठेवायचा. आणि गुरुवारी दिवसभर मौन, खात्यातसुद्धा.

हे दोन्ही नियम चांगलेच होते. फक्त ते एकाच दिवशी, त्या महिन्यात, त्या शहरात पाळायला नको होते.

कारण तो आश्विन होता. गेल्या वर्षी याच दिवसांत सगळं सुरत तोंडाला रुमाल बांधून रेल्वे स्टेशनाकडे धावलं होतं. अशा एका गुरुवारी सकाळी हेमराजशेठ खात्यात शिरले ते एकही शब्द न बोलता. वीस वर्षांत हे घडलं नव्हतं. सुताचा एक बीम आडवा पडलेला दिसला, शिवी ओठाशी आली, त्यांनी नियमाप्रमाणे तोंडावर हात ठेवला. हाताला तेल लागलं होतं, म्हणून हातात रुमाल धरला. सुकदेव मुकादमाने खुणेने विचारलं, काय झालं? शेठनी रुमाल न काढता दुसऱ्या हाताने सांगितलं, जा, कामाला जा. त्यातलं 'कामाला' हे तोंडाने सांगायचं राहिलं. हाताने दिसलं ते एवढंच: जा.

बातमी वाऱ्यासारखी पसरते म्हणतात. लूमच्या खात्यात ती हातांनी जाते, आणि हात वाऱ्याच्या पुढे असतात. तोंडावर पंजा, मग दाराकडे बोट. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकेक मशीन बंद पडत गेलं. तास झाला नसेल, तोवर तिन्ही खाती शांत होती आणि फाटकात वळकट्या जमू लागल्या होत्या.

सखाराम धापा टाकत घरी आला. "उठ. तो रोग परत उना. शेठ तोंडले रुमाल लाईसन जा म्हनना. दिवाळीनी वाट देखानी नही, आत्तेच निंघानं."

पुष्पाबाईने पातेली पोत्यात भरायला घेतली. भरता भरता तिने भिंतीपलीकडे हाक मारली, "ताई, मी चालनू," आणि नवऱ्याने आणलेली बातमी सांगितली.

कमलताई कपाळाला सुंठ लावून पडल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रोग नव्हता. रोग त्या स्वतः होत्या. ज्या माणसाने जाऊ नये म्हणून चहा सोडला, त्याच माणसाला त्यांच्या वर्गाने वळकटी बांधायला लावली होती. दुसरी कोणी असती तर दार लावून रडली असती. कमलताईंनी सुंठ पुसली, देवघराखालची अक्षतांची पिशवी काढली, दिवाळीसाठी करून ठेवलेली, तीन किलोची, आणि विठ्ठलरावांना म्हणाल्या, "घड्याळ घ्या." पलीकडच्या दारात जाऊन म्हणाल्या, "सखाराम, स्टेशनला भेस्तानवरून जाऊ. माझ्यासाठी एवढं कर."

वीस वर्षांच्या शेजारणीला नाही म्हणता येत नाही. एका रिक्षात चौघं आणि एक पोतं बसलं.

फाटकात शंभरेक माणसं, सगळी एकदम बोलणारी. आणि मधोमध लाकडी पेटीवर हेमराजशेठ उभे, घामाने थबथबलेले, आभाळाकडे हात दाखवत. अजून गप्प.

"अरे, सांग त्यांना," कमलताई म्हणाल्या.

शेठ खाली वाकले आणि कानात कुजबुजले, "बाई, गुरुवार आहे."

कमलताईंना क्षणभर त्याचा राग यावा की अभिमान वाटावा ते कळेना. खातं रिकामं होत होतं आणि हा नेम पाळत होता. "मी सोडवते मौन," त्या म्हणाल्या. "बोल."

शेठनी छाती भरून घेतली, तोंड उघडलं. पहिला शब्द कुठला येणार ते कमलताईंनी ओठांवरूनच ओळखलं. त्यांनी झटकन त्यांच्या मुठीत अक्षता कोंबल्या. शब्द परत गेला.

मग त्या पिशवी घेऊन गर्दीत शिरल्या. काही न बोलता प्रत्येकाच्या हातावर चार तांदूळ. पलीकडून पुष्पाबाई. खानदेशच्या माणसांनी हात आपोआप पुढे केले, टोप्या सरळ केल्या आणि खाली बसले. अक्षता हातात आल्या म्हणजे कहाणी असणार, आणि कहाणी असली म्हणजे उठता येत नाही. गाडी तीनची असो की चारची. ओडिशाच्या मंडळींनी प्रसाद समजून तांदूळ खाऊन टाकले. त्यावर वाद निघाला, की ज्याने खाल्ले तो सुटला का. पुष्पाबाईने निकाल दिला, "पोटमा गया त आनखी पक्का. आते तो जलमभर उठू शकस नही."

शंभर माणसं बसली. मशीन बंद. इतकी शांतता भेस्तानने ऐकली नव्हती. विठ्ठलरावांनी घड्याळ पाहिलं.

"आटपाट नगर होतं," हेमराजशेठ म्हणाले. दोन महिन्यांत त्यांनी दुसरी सुरुवात ऐकलीच नव्हती. कोणीतरी फिसकन हसलं. शेठनी तांदूळ घट्ट धरले. "नगरात लूम होते. तिथं एक पोरगा आला, चौदा वर्षांचा. त्याचा शेठ त्याला रोज आईवरून बोले. पोराला वाटलं, शेठ झालं की असंच बोलायचं असतं. तो शेठ झाला. तसाच बोलला."

आता कोणी हसलं नाही.

"रोग नाही आलेला. मी सांगतो, रोग नाही. मी फक्त गप्प होतो. बाईंनी गप्प राहायला सांगितलं होतं. मी गप्प राहिलो, तर तुम्हाला वाटलं जीव जाणार. म्हणजे मी बोलतो कसा, ते मला आज कळलं." त्यांनी घाम पुसला. "गेल्या वर्षी सगळे गेले तेव्हा तो शेठ तिन्ही खात्यांतून एकटा फिरला. त्याने मुकादमाला हाक मारली. मशीन बंद होती ना. त्याला पहिल्यांदा आपला आवाज ऐकू आला. चांगला नव्हता."

विठ्ठलरावांनी चार बोटं वर केली. आणि त्याच वेळी शेठचा माल नेणाऱ्या धुडकू टेम्पोवाल्याने, आपल्याला जागा मिळावी म्हणून, टेम्पो मागे घेतला. मागे शेठची नवी मारुती होती. काच फुटल्याचा आवाज त्या शांततेत असा ऐकू आला, की फाटकावरची कबुतरं उडाली.

शंभर माना शेठकडे वळल्या. शेठ कानापर्यंत लाल झाले. गळ्याची शीर फुगली. ओठ हलले. तोंडावर हात गेला. दुसऱ्या हाताने त्यांनी तांदळाची मूठ आणखी आवळली. कमलताईंनी डोळे मिटले, आणि उभ्या आयुष्यातल्या सगळ्या वाती पणाला लावल्या.

"धुडकूभाऊ," हाताआडून आवाज आला, "गाडी जरा पुढे घ्या."

धुडकू खाली उतरला आणि गर्दीत जाऊन बसला. त्याला कोणी आजवर भाऊ म्हटलं नव्हतं, घरीसुद्धा.

"सखारामभाऊ," शेठ म्हणाले. "तुमच्या आईने एका दिवाळीला माझ्यासाठी डब्यातून लाडू पाठवले होते. मी खाल्ले होते. आणि तरी मी." जवळ होते ते सगळे शब्द दुसऱ्या कामाचे होते. त्यांनी कमलताईंकडे पाहिलं, चौथीतल्या पोराने पाढा विसरल्यावर पाहावं तसं. "बाई, ही संपवायची कशी?"

आणि इथे कमलताईंनी ते केलं, जे तीस वर्षांत केलं नव्हतं.

"संपवू नकोस," त्या म्हणाल्या. मग वळून, नेहमीच्याच आवाजात, शंभर माणसांना म्हणाल्या, "बाकीची कहाणी लाभपाचमेला. अक्षता जपून ठेवा."

सगळे पुढे वाकले. ज्यांना ऐकू गेलं त्यांनी मागच्यांना सांगितलं, मागच्यांनी हातांनी. सखाराम बराच वेळ तळहाताकडे बघत राहिला. मग त्याने तांदूळ रुमालाच्या टोकात घातले आणि गाठ मारली. वळकट्या फाटकातून परत आत गेल्या. दिवाळीपर्यंत तरी.

विठ्ठलरावांनी पाच बोटं दाखवली, वर आणखी दोन. कोणीतरी फुदिन्याच्या चहाचा ग्लास कमलताईंपुढे धरला. वासानेच त्यांचं डोकं दुखायचं थांबलं.

"घे," विठ्ठलराव म्हणाले. "पाच मिनिटं झाली. आणि कहाणी अर्धी ठेवणं कुठल्या शास्त्रात बसतं गं?"

"शास्त्राचं मी बघते," कमलताई म्हणाल्या, आणि ग्लास पुष्पाबाईच्या हातात दिला. "कहाणी अर्धी, तर नेमही अर्धाच."

दिवाळीला गल्ली रिकामी झाली. पुष्पाबाईच्या दाराला कुलूप लागलं. जाताना ती काही बोलली नाही, म्हणजे तिलाही खात्री नव्हती. पाडव्याला दोन मालक मिठाई घेऊन आले, आम्हालाही शिकवा म्हणत. कमलताईंनी त्यांच्या हातावर तांदूळ ठेवले आणि आधी महिनाभर ऐका म्हणून सांगितलं. चतुर्थीला कचेरीचं पत्र आलं. विद्यार्थ्याची प्रगती कळवावी, अनुदानाचा विचार होईल. कमलताईंनी एका ओळीत उत्तर लिहिलं: विद्यार्थी बोलू लागला, सबब शाळा बंद केली आहे. विठ्ठलरावांनी ते रजिस्टरने पाठवलं. त्या पत्रात एकही शब्द खोटा नव्हता, याचंच कमलताईंना जास्त समाधान होतं.

लाभपाचमेला पहाटे साडेपाचला कमलताई तुळशीपाशी उभ्या होत्या. कुलूप तसंच होतं. त्यांनी एकदा पाहिलं आणि मग पाहायचं नाही असं ठरवलं, आणि पाणी घालत राहिल्या. वृंदावन भरून वाहू लागलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आवाज आला.

"तुन्हा तोंडले आग लागो, मेल्या. रुमाल गाडीमा इसरना व्हता ना? मी पिशवीमा टाकी लिधा म्हनीसन अक्षता वाचन्यात. नही त आते ताईले काय दाखाडता, तुन्हं डोकं?"

कमलताई तांब्या हातात धरून, अक्षता घेऊन बसावं तशा स्तब्ध उभ्या राहिल्या, आणि ती सगळी शिवी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतली. मग आत येऊन त्यांनी पातेल्यात पाणी ठेवलं आणि आलं ठेचायला घेतलं.

विठ्ठलराव डोळे चोळत उठले. "अगं, कहाणी तर दहाला आहे. भेस्तानला."

"ठाऊक आहे," कमलताई म्हणाल्या. "थर्मास काढा."